देशोजोची गुटी बांधू, छाट लावू की कलमाचंच झाड वाढवू? (बोन्सायसाठी रंगीत जपानी मेपल)

ओरेगॉनकर

नमस्कार मंडळी, पोर्टलंडहून लिहितोय. बोन्साय बरीच वर्षं करतोय पण आत्तापर्यंत सगळा भर ज्युनिपर आणि एल्मवर होता, आता जपानी मेपल मनावर घेतलेत. इथल्या जपानी बागेत वसंतात गेलं की कोवळ्या पालवीचे लाल, केशरी, पोपटी असे थरच्या थर दिसतात, ते कुंडीत आणायचेत, आणि नीट आणायचेत, म्हणजे पुढे चाळीस वर्षांनी कुणी बघितलं तरी बुंध्यात खोट काढता येऊ नये असं.

तर गेल्या वसंतात एका नर्सरीतून देशोजो आणला, म्हणजे लाल पालवीची जपानी मेपलची जात. खोड अंगठ्याहून जाड, फांद्या भरपूर, तब्येत झकास. पण झाड कलमी आहे, मातीपासून चार बोटं वर गाठ आहे, गाठीखाली साल हिरवट गुळगुळीत आणि वर एकदम वेगळी, वरचा भाग खालच्यापेक्षा जाडसुद्धा झालाय. कुठूनही बघा, नजर तिथंच जाते. बागेत लावायला काही हरकत नाही पण बोन्सायमध्ये हे झाकणार कसं?

मला विचारायचंय ते असं की गाठीच्या वर गुटी बांधून, म्हणजे खोडावरच मुळं फोडून, वरचं झाड वेगळं करावं का, आणि करायचं तर कधी, कारण इथे मेपर्यंत थंडी-पाऊस चालूच असतो. दुसरं म्हणजे फांद्या छाटतोच आहे तर त्या लावून रोपं होतील का. तिसरं, झाडाला पंखवाल्या बिया धरल्यात, त्या पेरल्या तर लाल पानांचीच रोपं येतील ना? आणि अजून एक, एप्रिलमध्ये जो लालभडक रंग होता तो जूनअखेर पार गेला, पानं हिरवट-तपकिरी झाली. खत कमी पडलं की ऊन? पाणी आमच्याकडे उत्तम आहे, बुल रनच्या पाणलोटाचं, पावसाचंच म्हणायचं, अगदी हलकं, त्यामुळे पाण्याचा दोष नसावा.

याशिवाय एक पिवळा आणि एक लाल सालीचा घ्यायचा विचार आहे, बोन्सायला कुठले चांगले तेही सांगा.

सुलभा_सिॲटल

गुटीच बांधा, आणि डोळे झाकून बांधा. तुमच्याकडे जाड खोड आहे, झाड जोमात आहे, जात साध्य होणारी आहे, मग अजून काय पाहिजे? कलमाची गाठ वयाबरोबर लपत नाही, उलट बहुतेक वेळा वाढते, कारण खालचं झाड एका वेगाने जाड होतं आणि वरचं दुसऱ्या, आणि साल तर कधीच सारखी होत नाही. गुटीने एका मोसमात जाड खोडाचं, स्वतःच्या मुळांवरचं झाड मिळतं आणि मुळं खोडाभोवती गोल, एकाच पातळीवर फुटतात. नेबारी म्हणतात ती हीच, बुंध्याशी पसरलेली मुळं. बी किंवा छाट लावून तशी नेबारी करायला किती वर्षं घालवावी लागतात ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

वेळ कॅलेंडर बघून ठरवू नका, पान बघून ठरवा. पहिली पालवी पूर्ण उघडून पानं जून झाली पाहिजेत, हाताला मऊ लोळागोळा न लागता किंचित कागदासारखी लागली की झाली. पोर्टलंडमध्ये साधारण मेचा दुसरा पंधरवडा ते जूनची सुरुवात. त्याआधी केलं तर झाडाने साठवलेलं सगळं पानांवर खर्च झालेलं असतं आणि परत काही यायला लागलेलं नसतं.

आता कृती. गाठीच्या वर, जिथे खोड थोडं रुंदावतंय अशी जागा बघा. खोडाच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट रुंदीची साल गोल काढायची. मेपल जखम फार पटकन भरतो, अरुंद पट्टा काढलात तर साल वरून खाली उतरून जोडली जाते आणि मुळं येतच नाहीत, झाड वर मजेत वाढत राहतं आणि तुम्ही ऑगस्टपर्यंत वाट बघत बसता. साल काढली की आतला ओलसर हिरवा-पांढरा बुळबुळीत थर असतो तो पातं आडवं धरून खरवडून टाका, लाकूड कोरडं, करकरीत लागेपर्यंत. वरची कड मात्र धारदार चाकूने एका दमात, स्वच्छ कापलेली हवी कारण मुळं तिथूनच येणार. त्या कडेला रूटिंग पावडर, मग भिजवून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) मूठभर चारी बाजूंनी, वरून प्लास्टिक, दोन्ही टोकं बांधून टाका. ऊन थेट लागत असेल तर बाहेरून फॉइल गुंडाळा नाहीतर आत मॉस शिजतं. मी प्लास्टिकऐवजी कुंडी उभी चिरून खोडाभोवती बसवते आणि त्यात मॉस भरते, रोजच्या पाण्याबरोबर त्यालाही पाणी मिळतं, जुलैत सुकायची भीती राहत नाही.

दोन-तीन आठवड्यांनी हळूच उघडून बघितलंत तर वरच्या कडेला पांढरट, खडबडीत, फुगीर कड आलेली दिसेल, मग तिच्यातूनच बारीक पांढरे कोंब निघतात. तेव्हा कापायची घाई नको. मुळं पांढरी असतात तोवर काचेइतकी ठिसूळ असतात. तपकिरी होऊन त्यांना पुढे फाटे फुटले की मगच कापा, आपल्या भागात याला आठ-दहा आठवडे धरा.

खालचा बुंधा फेकू नका. तो साधा हिरवा पाल्माटम, म्हणजे मूळ जपानी मेपल आहे, वरचं काढल्यावर खालून फुटला तर एक हिरवं झाड फुकटात मिळालं.

बियांचं: पेरा, जरूर पेरा, पण देशोजो मिळणार नाही. बी म्हणजे दोन झाडांचा संकर, रोपं निरनिराळी येतात, बरीचशी हिरवी, एखादं लालसर. वाळलेलं बी असेल तर कोमट पाण्यात एक दिवस भिजवून ओल्या मॉसमध्ये फ्रिजमध्ये तीन-चार महिने, साधारण १ ते ५ अंशाला, मग पेरा. रोपं सुंदर होतात पण त्यांना देशोजो म्हणून कुणाला देऊ नका एवढंच.

आणि रंगाची काळजी सोडा. देशोजोचा लाल हा कोवळ्या पानाचा रंग, उन्हाळ्यात हिरवं द्रव्य वाढलं की तो झाकला जातो, ही त्या जातीची रीतच आहे. सकाळचं चार-पाच तास ऊन मिळालं तर लाली जास्त टिकते, सावलीत लवकर जाते. दुपारचं ऊन मात्र टाळा. २८ जून २०२१ ला तुमच्याकडे पारा ४६.७ अंशांवर गेला होता, त्या दिवसांत आमच्या क्लबातल्या लोकांची मेपलची पानं कडेने करपून कुरकुरीत झाली, ज्यांनी ५० टक्के शेडनेट टाकलं त्यांची वाचली. नत्र जास्त दिलंत तर पेरं लांब होतं, पान मोठं होतं आणि रंगही लवकर हिरवा होतो, म्हणजे बोन्सायच्या दृष्टीने सगळंच उलटं.

मेघना_एनजे

सुलभाताईंनी गुटीचं छान सांगितलंय, मी छाटांचं सांगते कारण न्यू जर्सीत आमचा सगळा ग्रुप त्याच्या मागे आहे.

देशोजोची छाट मुळं धरते. कियोहिमे आणि आराकावा या जातींचीही धरते, आराकावाची चांगली. लेसलीफवाल्या, म्हणजे झिरमिळ्या पानांच्या डिसेक्टम जातींवर वेळ घालवू नका. जूनमध्ये त्याच वर्षीची फांदी, खालून जून व्हायला लागलेली पण वाकवली तर लवचीक, दोन पेरांची घ्यायची, खालची पानं काढायची, वरची अर्धी कापायची, बुडाला एका बाजूने साल थोडी खरवडून आयबीए (मुळं फोडणारं संप्रेरक) लावायचं, आणि बारीक प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी खडी) किंवा परलाइट-पीटमध्ये लावून झाकणाच्या पारदर्शक डब्यात, उजेडात पण उन्हात नाही. पाच-सहा आठवड्यांत मुळं येतात. इथवर सगळ्यांचं जमतं.

गाडं अडतं ते पुढच्या वसंतात. छाट हिवाळाभर हिरवी दिसते, डोळे (पालवीच्या कळ्या) टपोरे असतात, नखाने खरवडलं तर आत हिरवंच, आणि एप्रिलमध्ये फुटायची वेळ आली की तो डोळा फुगून तसाच काळा पडतो. लोक म्हणतात थंडीने मेली. थंडीने नाही मरत, उपाशी मरते. मुळं आल्यावर उरलेल्या उन्हाळ्यात तिने साठवण केलेलीच नसते, त्यामुळे डोळा फोडायला पोटात काही नसतं. म्हणून दोन गोष्टी करायच्या. मुळं आल्यावर त्या वर्षी कुंडी बदलायची नाही, मुळांना हात लावायचा नाही, थेट पुढच्या वसंतात नवीन पानं जून झाल्यावरच. आणि मुळं दिसताच हलकं खत सुरू करून ऑगस्टमध्ये संध्याकाळी दिवे लावून दिवस लांबवायचा, म्हणजे छाट हिवाळ्याआधी एक नवी फूट काढते. ज्या छाटा अशी फूट काढतात त्या जगतात, ज्या नुसत्या बसून राहतात त्यांची खात्री नाही. आमच्याकडे हे अगदी स्पष्ट दिसलंय, एकाच ट्रेमध्ये.

हिवाळ्याचंही सांगते, पोर्टलंडला तितकं लागणार नाही पण पूर्वेकडचे लोक वाचत असतील. जमिनीतला मेपल उणे २० सहज सोसतो म्हणून कुंडीतलाही सोसेल असं नाही, मुळं खोडापेक्षा खूप नाजूक असतात, उणे ८-१० च्या खाली कुंडी गेली की मुळं जातात आणि ते कळतं थेट मेमध्ये. उन्हाळ्यात काढलेली गुटी तर पहिल्या हिवाळ्यात गोठूच द्यायची नाही. न तापवलेलं गॅरेज, ० ते ५ अंश, अंधार चालतो कारण पानं नसतात, माती कोरडी होऊ द्यायची नाही. घरात उबेत मात्र आणू नका, थंडीची झोप मिळाली नाही तर मेपल दोन-तीन वर्षांत खंगतो. डोळे फुटायला लागले की रात्रीच्या दवगोठ्याला आत, सकाळी बाहेर, हा उद्योग एप्रिलभर करावा लागतो, इलाज नाही.

ओरेगॉनकर

वा, उपाशी मरते हे कुणी एवढं नीट सांगितलं नव्हतं. आमच्या गटातही सगळे थंडीलाच दोष देतात.

कलमवाला_बोस्कोप

सगळे गुटीच्या बाजूने बोलतायत तर मी कलमाची बाजू मांडतो. माझं शिक्षण दापोलीचं, आंब्याची कोय कलमं हजारोंनी बांधलीत, आता नेदरलँड्सला बोस्कोपच्या पट्ट्यात नर्सरीत काम करतो आणि इथे मेपलची कलमंच चालतात. कलमाची गाठ वाईट दिसते ती कलम वाईट जागी बांधलं म्हणून. नर्सरीला बागेसाठी झाड विकायचं असतं, काम सोपं व्हावं म्हणून चार बोटं, कधी वीतभर वर बांधतात. बोन्सायसाठी बांधायचं तर अगदी मुळांच्या गळ्याशी बांधायचं, मग पुढे बुंधा रुंदावला की जोड नेबारीत जिरतो.

आमची पद्धत सांगतो. पाल्माटमची दोन वर्षांची हिरवी रोपं, पेन्सिलीएवढी, कुंडीत. जानेवारीत ती १०-१५ अंशाच्या ग्रीनहाउसमध्ये घ्यायची, दोनेक आठवड्यांत मुळं जागी होतात, पांढरी टोकं दिसतात. त्यावर बांधायची हव्या त्या जातीची काडी मात्र झोपलेली हवी, मागच्या वर्षीच्या फुटीची, दोन जोड्या डोळ्यांची. रोपाच्या बाजूला उभा काप, दोन-अडीच सेंटिमीटरचा, खाली छोटी जीभ ठेवून, काडीला तेवढाच तिरका काप, आणि साल सालीला किमान एका बाजूने तंतोतंत भिडली पाहिजे. काडी नेहमी रोपापेक्षा बारीक असते, मधोमध ठेवलीत तर दोन्हीकडून चुकते. रबराची पट्टी, वरून मेण, आणि दमट हवा. रोपाचा शेंडा लगेच उडवायचा नाही, काडी फुटून पानं जून झाली की टप्प्याटप्प्याने.

आता कशासाठी एवढं करायचं? कारण प्रत्येक जात स्वतःच्या मुळांवर दमदार नसते. उकिगुमोसारखी पांढऱ्या-गुलाबी ठिपक्यांची जात घ्या, पानात हिरवं द्रव्यच कमी, ती स्वतःच्या मुळांवर रडत वाढते आणि जोमदार रोपावर बांधली की सुधारते. सुलभाताईंचं देशोजोबद्दल बरोबरच आहे, त्याला गुटीच योग्य. पण ‘कलम म्हणजे बोन्सायला बाद’ असं नवीन लोकांनी समजू नये.

आणि कलमाचं तंत्र तुम्हाला गुटीनंतरसुद्धा लागणार आहे. नेबारीत एका बाजूला मूळ नसेल तर तिथे पाल्माटमचं बारीक रोप बुंध्याला खाच पाडून बसवायचं, आपलं कोकणातलं भेट कलमच ते, फक्त जमिनीलगत. फांदी नसेल तर त्याच झाडाची लांब फूट वाकवून खोडाला आरपार भोक पाडून त्यातून ओवायची. हे वसंतात डोळे फुगायच्या आधी, म्हणजे फूट ओवताना डोळे मोडत नाहीत. एक-दोन मोसमांनी बाहेर निघालेली बाजू आत जाणाऱ्या बाजूपेक्षा जाड दिसायला लागली की जोड धरला, मग मागची बाजू कापा. पानाचा रंग, साल, सगळं तेच राहतं कारण झाड तेच.

एक कळकळीची सूचना, चाकू आणि कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. कापलेल्या फांदीत काळपट रेघा किंवा वलय दिसलं तर व्हर्टिसिलियम या बुरशीचा संशय घ्यायचा, त्या झाडाची काडी, माती, कुंडी काहीही दुसरीकडे वापरायचं नाही. त्यावर औषध नाही.

आणि नवी विकत घेतलेली जात असेल तर लेबल वाचा. अमेरिकेत नव्या जातींवर प्लांट पेटंट असतं, वीस वर्षं, तोवर छाट, कलम, गुटी काहीही परवानगीशिवाय करता येत नाही. देशोजो, सेइगेन, कात्सुरा या जुन्या जपानी जाती, त्यांना तसली अडचण नाही.

निशिकासाईकर

तोक्योहून. इथे आमच्या निशिकासाईत मराठी माणसं पुष्कळ पण बोन्सायवाले थोडे, त्यामुळे हा धागा बघून फार आनंद झाला.

तोक्योजवळच्या ओमियाच्या बोन्साय गावाला मी जमेल तेव्हा जातो. १९२३ च्या भूकंपानंतर तोक्योतले बोन्सायवाले चांगलं पाणी, माती आणि मोकळी जागा शोधत तिकडे गेले आणि १९२५ मध्ये ते गाव वसलं. आजही थोड्या बागा तिथे चालू आहेत, शेजारी बोन्साय म्युझियम आहे, आणि दरवर्षी ३ ते ५ मे ला मोठा उत्सव भरतो. त्याच साइतामा प्रांतात कावागुचीत आंग्यो म्हणून भाग आहे, तो एदो काळापासून रोपवाटिकांचा, मेपलच्या जाती बघायच्या तर तिथे. एप्रिलच्या मध्यात जा, शिन देशोजो (देशोजोचाच नवा प्रकार) आणि सेइगेन शेजारी शेजारी ठेवलेले दिसतात, तेव्हा फरक कळतो. शिन देशोजोचा लाल धगधगीत असतो, सेइगेनचा गुलाबीकडे झुकणारा, कोवळा, जवळून बघितलं तर पानाच्या शिरांमध्ये हिरवट झाक आधीपासून असते. सेइगेन नाजूक आहे, हळू वाढतो, ओरेगॉनकर तुम्ही दुसऱ्या टप्प्यात घ्या.

मी बागेत तासन् तास उभा राहून बघितलेली गोष्ट सांगतो. पालवी फुटताना पहिली दोन पानं उघडायच्या आत त्यांच्या मधून एक बारीक, केसाएवढा शेंडा डोकावतो. माळी चिमटा घेऊन दोन कोवळी पानं बोटांनी हलकेच बाजूला करतात आणि तो मधला शेंडा खुडतात. प्रत्येक फुटीचा. पूर्ण झाडाला रोज थोडं थोडं, कारण सगळे डोळे एका दिवशी उघडत नाहीत, वरचे आधी आणि खालचे नंतर. याने पेरं जवळ राहतात आणि फांद्या बारीक होत जातात. पण हे तयार झाडाचं काम आहे. ज्या झाडाचं खोड अजून जाड करायचंय त्याला असं खुडलंत तर वाढच थांबेल. तुमच्या गुटीला पहिली दोन-तीन वर्षं मोकळं वाढू द्या, खत भरपूर द्या, जमिनीत किंवा जाळीच्या टोपलीत लावलंत तर उत्तम, मुळांखाली सपाट फरशी ठेवा म्हणजे मुळं खाली न जाता आडवी पसरतात.

पानं काढायचं तंत्र पण विचाराल म्हणून सांगतो. देशोजो दणकट असेल तर जूनच्या सुरुवातीला वरच्या, जोरदार भागातली पानं देठ ठेवून कापतात, पुन्हा फुटणारी पालवी परत लाल येते. अशक्त झाडावर किंवा त्याच वर्षी कुंडी बदललेल्यावर करायचं नाही.

पिवळ्यासाठी कात्सुरा घ्या. सगळ्यांच्या आधी फुटतो, पिवळा-केशरी, कडा जास्त गडद, पान लहान, फांदी बारीक होते. लाल सालीचा सांगोकाकू बागेत हिवाळ्यात अप्रतिम दिसतो पण बोन्सायला मी घेणार नाही, लाली फक्त कोवळ्या काड्यांवर असते, खोड जुनं झालं की करडं होतं, शिवाय बारीक काड्या हिवाळ्यात वाळतात आणि तुमची नजाकत तिथेच संपते. ब्लडगूड सगळीकडे स्वस्त मिळतो, पान मोठं, पेरं लांब, त्याच्यावर वर्षं घालवू नका. थोडं हटके हवं तर शिशिगाशिरा, पानं चुरगळलेली, अगदी सावकाश वाढतो, आणि शरदात सगळ्यात शेवटी सोनेरी-केशरी होतो.

जपानहून कुणी येतंय म्हणून काड्या बॅगेत मागवायचा मोह होतो, तो टाळा. तपासणी आणि कागदपत्रांशिवाय झाडं नेणं बेकायदा आहे, आणि कीड-रोग घेऊन जाणं तर त्याहून वाईट.

कोथरूडची_बाग

मला मधेच विचारायचंय, पुण्यात जमेल का हो? ऑनलाइन निळ्या आणि जांभळ्या जपानी मेपलच्या बिया दिसतात, शंभर बियांचं पाकीट, फोटो तर इतके सुंदर. टेरेसवर सकाळचं ऊन आहे, एसीच्या खोलीत ठेवायची पण तयारी आहे माझी.

सह्याद्री_बोन्साय

ताई, ते पाकीट घेऊ नका. निळ्या पानाचा जपानी मेपल जगात नाही, तो फोटो रंगवलेला आहे.

आणि खरं रोप मिळालं तरी पुण्यात टिकत नाही. आपल्याकडे जानेवारीत रात्री पारा ८-१० वर येतो पण दुपारी २८-३० होतोच, सलग थंडीची झोप झाडाला मिळत नाही, त्यात एप्रिल-मेचं कोरडं ऊन. एसीची खोली म्हणजे कोरडी हवा आणि उजेड नाही, त्याने उलट लवकर जाईल. महाबळेश्वरलासुद्धा ती थंडी पुरत नाही. सिमला, मसुरी, श्रीनगर इथे मेपल आनंदाने राहतो, तिकडे कुणी असेल तर त्यांनी जरूर करावा.

पण लाल पालवीचं बोन्साय पुण्यात होत नाही असं मुळीच नाही. नर्सरीत सिझिजियम म्हणून कुंपणाला लावायचं झाड मिळतं, त्याची नवी फूट केशरी-लाल येते, पान लहान, छाटणी कितीही सोसतं आणि प्रत्येक छाटणीनंतर परत लाल होतं. पिंपळाची पालवी तांबूस असते आणि बोन्सायला पिंपळासारखं सोशिक झाड नाही. आणि मोठं बोन्साय करायची जागा असेल तर कोशिंब बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये घाटात एखादं झाड आख्खं लालबुंद झालेलं दिसतं, लोकांना फुलं वाटतात, ती कोशिंबाची पानं असतात. पान संयुक्त आणि मोठं, म्हणून छोट्या कुंडीत शोभणार नाही, पण बुंधा छान होतो. हे आपल्या डोंगरातलं झाड आहे, इथल्या उन्हाची त्याला सवय आहे, आणि कुणीतरी मनापासून त्याच्यावर काम करायला हवंय.

कोथरूडची_बाग

कोशिंब! ताम्हिणीत बघितलंय हो ते झाड, नाव माहीत नव्हतं. धन्यवाद, बियांचं पाकीट रद्द.

ओरेगॉनकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढी माहिती एका जागी मिळेल असं वाटलं नव्हतं. तर ठरवलं, देशोजोची गुटी या मेअखेर, छाटणीतल्या काड्यांची छाट जूनमध्ये मेघनाताईंच्या पद्धतीने, आणि कात्सुरा शोधायचा, पण गाठ अगदी मातीशी असलेला.

दोन शंका राहिल्यात. आमचा एक चुलतभाऊ सांगोल्याला डाळिंबाच्या गुट्या बांधतो, तो म्हणतो पावसाळ्यात बांध, हवेतला ओलावा पाहिजे. आमच्याकडे उन्हाळा कोरडा, जुलै-ऑगस्टमध्ये थेंब नाही. मग कसं? आणि गुटी कापल्यावर वरच्या फांद्या कमी करायच्या का, की मुळं थोडी असताना एवढी पानं झेपतील?

सुलभा_सिॲटल

तुमचा भाऊ त्याच्या ठिकाणी बरोबर आहे, डाळिंबाला तिकडे पावसाची हवा लागते. इथे ओलावा आपण मॉसमध्ये ठेवायचा, हवेत नसला तरी चालतो, कारण वरच्या पानांना पाणी लाकडातून मिळतच असतं, आपण फक्त साल काढलेली असते. म्हणून चाकू लाकडात खोल जाऊ देऊ नका. मॉस आठवड्यातून दोनदा दाबून बघा, दबून ओल लागली पाहिजे पण थेंब गळता कामा नये.

फांद्यांचं म्हणाल तर मोसमभर वरचं काहीही कापू नका, जितकी पानं तितकी मुळं, मुळांचं अन्न तिथूनच खाली येतं. छाटा घ्यायच्या त्या गुटी बांधायच्या आधी घ्या किंवा दुसऱ्या झाडाच्या घ्या, बांधल्यानंतर नाही. कापून वेगळं केल्यावर फार लांब गेलेले शेंडे तेवढे आखूड करा. आणि कापायच्या आधी झाडाला काठीचा आधार बांधा, साल काढलेल्या जागी खोड वाऱ्याने मोडू शकतं. सप्टेंबरचा पहिला-दुसरा आठवडा बघा, उष्णता ओसरलेली असते आणि मुळांना पानगळीपर्यंत वेळ मिळतो. मॉस मुळांतून उपसत बसू नका, तसंच्या तसं प्युमिस आणि अकादामा (दाणेदार जपानी माती) यांच्या मिश्रणात बसवा आणि कुंडीला तारेने घट्ट बांधा, झाड हललं की नवी मुळं तुटतात. तोवर मुळं नुसती पांढरीच असतील तर यंदा कापूच नका, झाडावरच राहू दे, थंडीत गुटीभोवती जाड गोणपाट गुंडाळा, कडाक्याच्या रात्री कुंडीसकट गॅरेजमध्ये घ्या आणि पुढच्या वसंतात डोळे फुगायला लागले की काढा.

गुटी बांधलीत की वरच्या कडेचा फोटो टाका, रुंदी बरोबर आहे का ते बघून सांगते.